रेषा कोणी आखावी?

१९व्या शतकात इंग्लंडमधील कित्येक जीर्ण शिडाची जहाजे बेसुमार माल लादून समुद्रात लोटली जात. जहाज बुडाल्यास मालकास विम्याची भरपाई मिळे. खलाशाच्या विधवेस काय मिळे? करारानंतर जहाजावर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगवास घडे. खासदार सॅम्युएल प्लिमसोल यांच्या झुंजीमुळे १८७६ साली जहाजाच्या बाजूवर भाररेषा सक्तीची झाली. परंतु ती कोठे आखावी, हे मालकानेच ठरवायचे होते! ती जागा निश्चित करणारा कायदा १८९० साली झाला. ज्याला ओझ्यातून लाभ होतो, त्यानेच ओझ्याची मर्यादा ठरविणे न्याय्य आहे काय? आपल्या घरी राबणाऱ्यांच्या श्रमांची रेषा कोण आखतो, हे आपण स्वतःस विचारावे.