काम्य शीतलतेची अंगे

पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी विहित कर्मांची नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी जी वाटणी केली, तिचा यज्ञशाळेबाहेर कोणाला उपयोग नाही अशी समजूत आज सर्वत्र रूढ आहे. परंतु कुरखेड्यासारख्या गावी, जेथे वैशाखात पारा ४५ अंशांची पायरी ओलांडतो आणि सतीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसते, तेथे जुन्या मोटारीत वातानुकूलन बसवावे काय, आणि बसविल्यास तिच्या पंख्याची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न एका स्नेह्यांनी माझ्यापुढे ठेवला, तेव्हा त्याचे उत्तर मला प्रथम जैमिनीच्या सहाव्या अध्यायात सापडले आणि कारखान्यात मागाहून.

स्नेह्यांची गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, तिचेच हे पुढले नामरूप. एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे ४० अश्वांची. अशा एंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची जेमतेम चतुर्थांश उष्णता गाडी चालविण्याच्या कामी येते. उरलेलीपैकी मोठा हिस्सा धुराच्या नळीवाटे आणि जवळजवळ तेवढाच रेडिएटरच्या पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. या गाडीचा आराखडा काढणाऱ्यांनी रेडिएटर बेतला तो एवढ्याच भाराच्या हिशेबाने.

त्या रेडिएटरमागे पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर जो पंखा बसविलेला असतो आणि जो पट्ट्याने एंजिनाशी बांधलेला असतो, तो नित्यकर्माचा शुद्ध नमुना होय. अग्निहोत्र जसे यावज्जीव, तसे त्याचे भ्रमण एंजिन जिवंत आहे तोवर. त्याला सबब नाही, सवड नाही, फलाची विचारणा नाही. त्यात एकच उणीव आहे, आणि ती त्याच्या निष्ठेतूनच उद्भवते: त्याच्या फिरण्याचे मान एंजिनाच्या गतीवरून ठरते, उष्णतेवरून नव्हे. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगाने धावते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर निववितो, आणि नेमक्या त्याच वेळी हा पंखा सर्वाधिक वेगाने फिरून शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की वारा दुप्पट मिळतो, पण शक्ती आठपट लागते. उलट, गाडी रेल्वेच्या फाटकापाशी उभी राहिली, समोरचा वारा थांबला, म्हणजे जेव्हा पंख्याची खरी निकड लागते, तेव्हा तो मंद होतो.

विजेचा पंखा याच्या विरुद्ध प्रकृतीचा. पाणी ठरावीक अंशापर्यंत तापले की उष्णतेची कळ त्याला सुरू करते, निवाले की थांबविते. ग्रहण लागले की स्नान, पुत्र जन्मला की जातकर्म, तसे येथे निमित्त घडल्यावाचून कर्म नाही. एंजिन मंद असो वा जलद, निमित्त उपस्थित होताच तो पूर्ण वेगाने फिरतो.

तिसरे, वातानुकूलन. पाऊस हवा असणाऱ्याने कारीरी इष्टी करावी असे श्रुती सांगते. वृष्टीची इच्छा नसलेल्याला ती कोणी करावयास लावीत नाही. गाडीतला गारवा त्याच कोटीतला. १९४० च्या मॉडेलांत अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने तो प्रथम विक्रीस ठेवला, त्यापूर्वीही मोटारी धावतच होत्या. आता या काम्याचा स्वभाव पाहावा: आतली उष्णता नष्ट होत नाही, ती केवळ बाहेर नेली जाते, आणि कॉम्प्रेसर चालविण्यात खर्च झालेली शक्तीही उष्णता होऊन तिच्यात मिसळते, ही सर्व उष्णता कंडेन्सरमधून सुटते, आणि कंडेन्सर बसतो तो रेडिएटरच्याच पुढे. म्हणजे रेडिएटरकडे येणारा वारा आधीच तापून येतो. स्वेच्छेने पत्करलेल्या कर्माचा पहिला भार पडतो तो असा, मुकाट्याने फिरणाऱ्या नित्यावर.

येथे मीमांसकांचा जो सिद्धांत मला अतिशय मोलाचा वाटतो तो असा, की नित्यकर्म यथाशक्ति केले तरी चालते, एखादे अंग राहून गेले तरी ते कर्म फुकट जात नाही; काम्यकर्म मात्र सर्व अंगांसहितच केले पाहिजे, एक अंग सुटले तर फल नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशासारखा प्रचंड ग्रंथ उभा केला, तो वाचणाऱ्यांना हा भेद परिचित आहे; पण त्यामागील न्यायबुद्धी आपण लक्षात घेत नाही. जे जन्मभर टाळता येत नाही त्यात पूर्णतेचा हट्ट धरणे हे दुर्बलावर जुलूम करणे होय. आजारी, निर्धन, प्रवासी मनुष्य ते जमेल तसे करील, आणि शास्त्र ते मान्य करील. परंतु जे करण्याचा हुकूम कोणीच दिलेला नाही, जे आपण केवळ आपल्या इच्छेने हाती घेतले, त्यात अर्धवटपणाची सवलत मागण्याचा आपणांस हक्क कसला? लौकिक व्यवहारात नेमके उलटे चालते: कर्तव्यात आपण दुसऱ्याकडून काटेकोरपणा वसूल करतो, आणि आपल्या हौशीत मात्र जे अंग महाग पडेल ते गाळतो.

या हौशीची अंगे कोणती? पहिले, पंख्याभोवतीचे आवरण, ज्याला कारागीर श्राउड म्हणतात. ते नसेल तर पंखा आपल्या वर्तुळापुरताच वारा खेचतो आणि रेडिएटरचे कोपरे निरुपयोगी राहतात. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक वेळा गाळले जाणारे अंग हेच. दुसरे, कंडेन्सरसाठी विजेचा पंखा, जो कॉम्प्रेसर चालू होताच किंवा वायूचा दाब चढताच फिरू लागेल. तो पुढून ढकलणारा असल्यास त्याची दिशा तपासून घ्यावी, कारण तारा उलट जोडल्या गेल्या तर तो समोरच्या वाऱ्याशीच झुंजतो. तिसरे अंग वायूचे. जुना आर-१२ वायू आकाशातील ओझोनचा थर विरळ करतो हे सिद्ध झाल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्या उच्चाटनाचा मार्ग आखला. वातानुकूलनाच्या ज्या अंगाकडे दोन पिढ्यांनी पाहिलेच नव्हते, ते अंग साक्षात आकाश होते. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए कडक उन्हात अधिक दाबाने चालतो, म्हणून कंडेन्सरही ऐसपैस हवा.

तितिक्षेचा आक्षेप मी विसरलो नाही. शीत आणि उष्ण येतात नि जातात, ते सोसावेत, असे गीता अर्जुनाला सांगते. मग हा खटाटोप का? माझे उत्तर असे, की तितिक्षा स्वतःपुरती पत्करावयाची असते, ती दुसऱ्यावर लादता येत नाही. कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून भर दुपारी गडचिरोलीला हलविल्या जाणाऱ्या रोग्यासाठी तोच गारवा काम्य राहत नाही, नैमित्तिक होतो, आणि त्याची तजवीज करणे बंधनकारक ठरते. तेंदूपत्त्याच्या हंगामात बायामाणसे पहाटे रानात शिरून ऊन चढण्यापूर्वी परततात, त्यांनी तितिक्षेचा पाठ आणखी किती गिरवावा? निदान आपली गाडी बाजारात उभी ठेवून, आत गार बसून, तिची गरम फुंकर त्यांच्या अंगावर सोडू नये, एवढे अंग तरी पाळावे.

मोटार-कारागिरांत असा एक पक्ष आहे, की पट्ट्याचा पंखा काढूनच टाकावा, विजेचे दोन बसवावेत, एंजिनावरचा भार हलका होईल. सपाट शहरात हे मत टिकेल. पण स्नेह्यांना कोरचीला जावे लागते, आणि बेडगावच्या घाटात गाडी दुसऱ्या गियरमध्ये चढताना वेग थोडा, एंजिन मात्र जोरात, अशी स्थिती असते. त्या वेळी पट्ट्याचा पंखा आपल्या स्वभावानेच भरपूर वारा देतो, आणि रिले जळाली तरी तो थांबत नाही. म्हणून नित्य काढून नैमित्तिक बसवू नये. नित्यास आवरण द्यावे, आणि काम्याचा भार वाहण्यास नैमित्तिक त्याच्या जोडीस द्यावे.

राहिला अधिकाराचा प्रश्न. काम्यकर्माला नुसती इच्छा पुरत नाही, सामर्थ्यही लागते, असे मीमांसक बजावतात. मोठा विजेचा पंखा २० ते ३० अँपिअर ओढतो, आणि जुन्या फियाटचा डायनामो गाडी उभी असताना, म्हणजे पंख्याला वीज हवी त्याच क्षणी, जवळजवळ काहीच देत नाही. तेव्हा स्नेह्यांना मी सुचविले आहे, की कंडेन्सरची खरेदी तूर्त तहकूब ठेवावी आणि आधी चांगला आल्टर्नेटर बसवून घ्यावा.