आपल्या कामाची खरी साक्ष

नोकरीच्या अर्जाला जोडायचा बायोडेटा ही आपण केवळ व्यवहाराची गोष्ट समजतो. नाव, शिक्षण, अनुभव अशी दोन पाने. त्यात नीतीचा प्रश्न कुठून आला? आठव्या आज्ञेचा विचार करताना शेजाऱ्याविरुद्ध दिलेली खोटी साक्ष आपल्या डोळ्यांसमोर येते. पण माणूस स्वतःविषयीही साक्ष देत असतो. बायोडेटा ही तशीच साक्ष आहे. ती वाचून एक अनोळखी माणूस आपल्यावर विश्वास टाकणार असतो आणि एखादी जबाबदारी आपल्या हाती सोपवणार असतो.

हा प्रश्न एका वर्गाला विशेष सतावतो. वसई पूर्वेच्या वालीव, गोखिवरे, सातिवली भागातील कारखान्यांत किंवा रोज लोकल पकडून अंधेरीला जाणाऱ्यांत असे बरेच जण भेटतील. कंपनीत त्यांची ओळख एकच, 'आयटीवाला'. सर्व्हर बंद पडला, बोलवा त्यांना. प्रिंटर अडला, टॅली उघडत नाही, हजेरीचे बोट लावायचे यंत्र रुसले, सीसीटीव्हीचे चित्र दिसत नाही, साहेबांचा पासवर्ड हरवला, बोलवा त्यांना. इंटरनेटवाल्याशी भांडायचे त्यांनीच आणि रात्री बॅकअप लावून शेवटची गाडीही त्यांनीच पकडायची. पंधरा-अठरा वर्षे अशी जातात. मग कंपनी दुसरीकडे हलते किंवा हे काम बाहेरच्या एजन्सीकडे जाते. पंचेचाळिशीतला हा घरचा कर्ता पुरुष बायोडेटा लिहायला बसतो आणि 'अनुभव' या शब्दापुढे थांबतो. सगळेच केले, मग लिहायचे काय?

इथे दोन मोह समोर येतात. पहिला सर्वांना माहीत आहे. "अंकल, सगळेच फुगवतात, तुम्हीपण लिहा," असे मुलाचा मित्र सांगतो. जाहिरातीत नेटवर्क, क्लाउड, सायबर सुरक्षा असे जे जे मागितले आहे, त्या सगळ्यात आपण तज्ज्ञ! दुसरा मोह सद्गुणाचे कपडे घालून येतो. "मी काय मोठे केले? प्रिंटर दुरुस्त करीत होतो," असे म्हणून तो गृहस्थ चार ओळींत अठरा वर्षे संपवतो. पहिल्याला आपण फुशारकी म्हणतो. दुसऱ्याला मात्र नम्रता म्हणून मोकळे होतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात सत्यवचनाचा विचार करताना या दोन्हींना जागा दिली आहे. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात ११२ वा प्रश्न फुशारकीचा आहे आणि लगेच ११३ वा प्रश्न स्वतःला खोटे लहान करण्याचा आहे. त्यांच्या आधी ॲरिस्टॉटलनेही सत्यप्रिय माणूस या दोन टोकांच्या मध्ये उभा केला होता. आपल्यात जो गुण आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तो नाही म्हणून सांगणे हेही सत्याला सोडून आहे, असे संत थॉमस मानतात. फुशारकी सहसा अधिक वाईट, हे खरे. पण म्हणून दुसरी गोष्ट सद्गुण ठरत नाही.

मात्र ते एक मोलाचा फरकही दाखवतात. असलेली गोष्ट नाकारणे वेगळे आणि तिच्याविषयी गप्प राहणे वेगळे. बायोडेटा लिहिणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. अठरा वर्षांतील प्रत्येक काम लिहिलेच पाहिजे असे सत्य आपल्याकडून मागत नाही. वाचणाऱ्याला जे उपयोगी आहे ते निवडावे, बाकीचे सोडावे. त्यात लबाडी नाही.

लिओनार्दो दा विंचीचे उदाहरण पाहा. सुमारे १४८२ साली त्याने मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झासाठी कामाच्या अर्जासारखे एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. राज्यकर्त्याला लढाईची चिंता होती, म्हणून पूल, तोफा, वेढा असे मुद्दे त्याने आधी मांडले आणि आपल्या चित्रकलेचा उल्लेख शेवटी केला. यातले काही अशक्य वाटत असेल तर करून दाखवायला तयार आहे, असेही त्याने लिहिले. ही शेवटची तयारी आपण लक्षात ठेवू. बायोडेटातील प्रत्येक ओळीविषयी स्वतःला विचारावे: "उद्या समोर बसवून करायला सांगितले, तर मी करीन का?"

यासाठी क्रियापदे जपून वापरावीत. 'मी उभारले', 'मी चालवले', 'मी मदत केली' आणि 'मी जवळून पाहिले' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हर एजन्सीच्या माणसांनी बसवला आणि आपण तो नऊ वर्षे सांभाळला, तर तसेच लिहावे. सांभाळणे हे कमी दर्जाचे काम नाही. बॅकअप रोज घेतला, पण त्यातून माहिती परत मिळवण्याची वेळ कधी आली नाही, तर परत मिळवण्याचा अनुभव लिहू नये. ज्या कामात शेजारच्या टेबलावरचा सहकारी बरोबर होता, तिथे 'आम्ही दोघांनी' असे म्हणावे. कंपनीने दिलेले पद बदलू नये. त्याखाली प्रत्यक्ष काम साध्या शब्दांत मांडावे. आणि जुन्या कंपनीच्या नेटवर्कची गुपिते त्या कागदावर आणू नयेत. तो विश्वास नोकरी सुटली तरी सुटत नाही.

ज्यांना काहीच आठवत नाही, त्यांनी वर्षे धरून मागे जावे. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला नियमित आधार देणे थांबवले. तेव्हा तुमच्या कार्यालयातील किती संगणक कोणी बदलले? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. त्या आठवड्यात तुमच्याकडे कोण जागले? १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. नव्या पद्धतीची बिले निघावीत म्हणून हिशेबाची प्रणाली कोणी अद्ययावत केली? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरी बसलेल्यांना ऑफिसच्या फाइल्स कोणी मिळवून दिल्या? या प्रश्नांची उत्तरे लिहिली की 'प्रिंटर दुरुस्त करणारा' हे वर्णन किती अपुरे होते ते कळते. संगणकांची नेमकी संख्या, कामाला लागलेले दिवस, वाचलेला खर्च हे ठाऊक असेल तेवढे लिहावे. ठाऊक नसेल तिथे आकडा बनवू नये.

कोणी म्हणेल, पोट भरायचे आहे, मुलांची फी भरायची आहे, अशा वेळी इतका काटेकोरपणा परवडतो का? या अडचणीकडे आपण हलकेपणाने पाहू नये. चाळिशीनंतर नोकरी शोधणे कठीण असते आणि फुगवलेल्या अर्जांच्या ढिगात खरा अर्ज कधी खाली राहतो. खरे लिहिले म्हणजे नोकरी मिळेलच, असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पण खोट्याची किंमत दुसरे कोणीतरी भरते, हे विसरता येत नाही. ज्याला ते काम खरोखर येत होते, तो रांगेत मागे ढकलला जातो. एखाद्या रुग्णालयाची सारी कागदपत्रे अशा हातात जातात, ज्याने ती वाचवण्याचे काम कधी केलेलेच नाही. आणि खोटे लहान होण्याची किंमत घरातली माणसे भरतात. योग्य पगार मागण्याचे धैर्यच उरत नाही.

म्हणून एकट्याने हा कागद लिहू नये. आपले काम पाहिलेल्या जुन्या सहकाऱ्याला तो वाचायला द्यावा. कुठे जास्त झाले आणि कुठे कमी, हे तो दोन्ही बाजूंनी सांगेल. आपल्या धर्मग्रामात या क्षेत्रातले अनुभवी लोक आहेत. नोकरी गेलेल्या शेजाऱ्यासाठी त्यांनी रविवारची एक संध्याकाळ काढावी, त्याच्याजवळ बसावे आणि त्याला विचारावे, "तू नक्की काय काय केलेस, सांग बघू." बरेचदा हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कोणी विचारलेलाच नसतो.