काविळीची माळ आणि बाबेलचा राजा

पाठ : यहेज्केल २१:२१, विलापगीत २:११



बाबेलचा राजा दोन वाटांच्या फाट्यावर उभा राहिला. सैन्य अम्मोन्यांच्या राब्बेकडे न्यावे की यरुशलेमेकडे, हे ठरविण्यासाठी त्याने बळी दिलेल्या पशूचे काळीज पाहिले. हे काळीज म्हणजे छातीत धडधडणारे हृदय नव्हे. उजव्या बरगड्यांखालचे यकृत, ज्यास खाटिकाकडे आपण कलेजी म्हणतो, ते. त्या देशी मातीची यकृते घडवून त्यांवर शकुन लिहीत. तशी कित्येक उत्खननांत सापडली आहेत.

त्या राजास आपण हसू नये. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आजही डोळे पिवळे झाले की पुष्कळांची पहिली धाव माळेकडे असते. देठांची माळ गळ्यात घालतात, आणि ती लांबेल तसतशी कावीळ उतरली असे मानतात. देठ सुकून आकसतात व गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल.

मग रोगी बरा कसा होतो? दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा आपोआपच ओसरते, कारण देवाने ह्या अवयवास स्वतःची झीज भरून काढण्याचे सामर्थ्य दिले आहे. शस्त्रवैद्याने निरोगी यकृताचा अर्धा भाग काढला, तरी उरलेला भाग वाढून बहुतेक पूर्ववत् होतो. आतड्यांतले रक्त प्रथम त्याजकडे येते. त्यातील विष ते निवळते, पित्त तयार करते, आणि हे सारे मुकाट्याने. हे मुकेपणच घातक. वर्षानुवर्षे दारू रिचविणाऱ्याचे यकृत कठीण होत जाते, आणि पोटात पाणी होईतो पुष्कळांस त्याची वार्ताही नसते. गरोदर स्त्रीस तर पाण्यातून होणारी एक कावीळ प्राणघातक होऊ शकते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मंडळीतील एका बालकाच्या गळ्यात मी ती माळ पाहिली, प्रार्थना केली, आणि घरच्यांचे मन दुखवू नये म्हणून काही न बोलता परतलो. मूल बरे झाले. पुढे त्याच घरातला चुलता, मद्याने पोट फुगलेला, त्याच माळेच्या भरवशावर तीन महिने घरी राहिला. इस्पितळात नेला तेव्हा फार उशीर झाला होता. त्याच्या मातीच्या वेळची प्रार्थना मीच केली.

तेव्हा विलापगीतातले ते वचन मला उमगले. नगराचा नाश पाहून आपले काळीज भूमीवर ओतले गेले, असे विलाप करणारा म्हणतो. मूळ इब्री शब्द यकृताचाच आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘जड’ असा होतो. आपणही काळजाचे पाणी झाले म्हणतो. राजाने पशूचे काळीज पाहिले. ह्याने लोकांसाठी स्वतःचे ओतले. मी त्या दिवशी दोन्हींतले काहीच केले नव्हते.

याकोब सांगतो की, मंडळीच्या वडिलांनी रोग्यास तेल लावून त्याजसाठी प्रार्थना करावी. शोमरोन्याने जखमांवर ओतले तेही तेलच. तेव्हा औषधास आपण परके का मानावे? ‘ब’ व ‘क’ प्रकारच्या काविळीवर २०१८ साली सुरू झालेल्या शासकीय योजनेत विनामूल्य उपचार आहेत. नवजात बालकास ‘ब’ काविळीची लस २४ तासांच्या आत टोचून घ्यावी.

आणि कोणाच्या घरी डोळे पिवळे दिसले, तर रात्र असली तरी मला हाक मारा. प्रार्थना आपण इस्पितळाच्या वाटेवर, गाडीतच करू.