रिटर्नची गाडी

सकाळी साडेसातच्या सुमाराला नायगाव स्टेशनात मुंबईला जाणारी दोन जातींची माणसं दिसतात. पहिली जात चर्चगेटकडच्या फलाटावर बॅग पोटाशी घेऊन उभी असते. विरारहून निघालेली गाडी नालासोपारा आणि वसईतच भरून गेलेली असते, तेव्हा नायगावकराच्या वाट्याला येतो तो दरवाजा, तोही मिळाला तर. दुसरी जात पुलावरून पलीकडे उतरते आणि विरारच्या गाडीची वाट बघते. जायचं असतं चर्चगेटला, पण ही माणसं आधी तीन स्टेशनं उलटी जातात. विरारला सगळे उतरतात, हे मात्र बसून राहतात, आणि तीच गाडी फिरली की खिडकीशी वारा खात नायगाववरून पुढे जातात. याला इकडे ‘रिटर्न’ म्हणतात. रेल्वेच्या भाषेत चर्चगेटकडची गाडी अप आणि विरारकडची डाऊन. रिटर्नवाल्याला अप जाण्यासाठी आधी डाऊन जावं लागतं. तासभर वाया जातो, पास विरारपासूनचा काढावा लागतो, आणि विरारला धावत चढणाऱ्यांचे टोमणेही ऐकावे लागतात.

टेनिसच्या डेव्हिस कपातल्या बढती-घसरणीच्या प्ले-ऑफ लढती मला समजल्या त्या या गाडीत.

स्पर्धा १९०० सालची. वरचा वर्ग आणि खालचा वर्ग अशी आजची रचना मात्र १९८१पासूनची. त्या वर्षी सोळा देशांचा जागतिक गट झाला, बाकीचे आपापल्या विभागीय गटांत गेले, आणि दोन्हींच्या मध्ये एक दार ठेवलं गेलं. पुढे त्या दाराची रीत अशी ठरली की वरच्या गटात पहिल्याच फेरीत हरलेला देश आणि खालच्या गटात जिंकत आलेला देश समोरासमोर यायचे. जो जिंकेल तो वर, जो हरेल तो खाली. लढत एकच, पण एकासाठी ती बढतीची आणि दुसऱ्यासाठी अब्रूची. नावं आणि गटांची संख्या २०१९नंतर बदलली, दार तसंच राहिलं.

आपल्याकडे बढती-घसरण म्हटली की मुंबईकराला कांगा लीग आठवते. १९४८पासून भर पावसाळ्यात, चिखलाच्या खेळपट्टीवर चालणारी, अ, ब, क अशा श्रेणींची. तिथे क्लब खाली उतरतो तो सगळ्या मोसमाच्या गुणांवर. एखादा रविवार पावसाने किंवा एखाद्या भन्नाट गोलंदाजाने बिघडवला, तरी पुढच्या रविवारी भरून काढता येतं. डेव्हिस कपात गुणतक्ता नाही. आता एका लढतीला दोन दिवस, फार तर पाच सामने: पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी दुहेरी आणि मग परतीच्या एकेरी. पुढचं वर्ष कुठे काढायचं ते या दोन दिवसांत ठरतं. शिवाय लढत कुणाच्या घरी, हे गेल्या वेळी कुणाच्या घरी झाली होती त्यावरून ठरतं, आणि यजमान आपल्या सोयीचं कोर्ट घालतो. क्रिकेटमध्ये खेळपट्टीवरून आपण महिनाभर भांडतो. इथे तो नियमाने दिलेला हक्क आहे.

याचा अर्थ काय होतो ते भारत आणि डेन्मार्कने एका वर्षाच्या अंतराने दाखवून दिलं. मार्च २०२२मध्ये प्ले-ऑफसाठी डेन्मार्क दिल्लीला आला. आपण जिमखान्याचं हिरवळीचं कोर्ट दिलं. चेंडू त्यावर घसरत येतो, फारसा उसळत नाही, आणि त्यांचा होल्गर रून संघात नव्हता. भारत ४-० जिंकला. फेब्रुवारी २०२३मध्ये पुन्हा तेच दोन देश, तीच पायरी. मात्र आता पाळी त्यांच्या घरची होती. हिलरॉड गावात छपराखालचं हार्ड कोर्ट, आणि समोर रून, तोवर जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोचलेला. त्याने दोन्ही एकेरी जिंकल्या आणि दुहेरीतही तोच होता. डेन्मार्कचे तीन गुण म्हणजे एक माणूस. भारत ३-२ असा हरला आणि पहिल्यांदाच जागतिक गट दोनमध्ये उतरला. वर्षभरापूर्वी ४-० हरलेला देश वर गेला. दोघांत सरस कोण, असं कुणी विचारलं तर दिल्लीचं उत्तर एक आणि हिलरॉडचं दुसरं, आणि मला दोन्ही खरी वाटतात.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी ‘नामुष्की’ छापली. मलाही वाईट वाटलं होतं. पण मग त्याआधीची वर्षं आठवली, आणि नायगावचा दरवाजा आठवला.

२०१४ ते २०१८ या पाच वर्षांत भारत दर सप्टेंबरला जागतिक गटाच्या दारापर्यंत गेला आणि पाचही वेळा दारातून परतला. बेंगळुरूत सर्बियाविरुद्ध शेवटच्या सामन्यापर्यंत नेऊन ३-२ असा हरला. दिल्लीत आधी चेक प्रजासत्ताक, पुढच्या वर्षी नदालला घेऊन आलेला स्पेन. मग कॅनडात एडमंटनला, आणि शेवटी सर्बियाच्या क्रालियेवोत, जिथे जोकोविच संघात नसतानाही ४-०. दर वर्षी विभागात आशिया-ओशियानाच्या देशांना हरवायचं, दारापर्यंत यायचं, दांडीला हात लावायचा आणि गाडी सुटायची.

या पाचांतल्या एका प्रवासाची सुरुवात महाराष्ट्रात झाली. फेब्रुवारी २०१७, पुण्यातल्या बालेवाडीचं क्रीडा संकुल, समोर न्यूझीलंड. पहिल्या दिवशी युकी भांबरी आणि रामकुमार रामनाथन यांनी दोन्ही एकेरी घेतल्या. शनिवारी दुहेरीसाठी लिअँडर पेस विष्णू वर्धनबरोबर उतरला. डेव्हिस कपात दुहेरीच्या सर्वाधिक विजयांचा विक्रम तोवर पेस आणि इटलीच्या निकोला पिएत्रांजेली यांच्यात बरोबरीत होता, बेचाळीस-बेचाळीस. त्रेचाळिसाव्यासाठी सगळं बालेवाडी तयार होतं. पेस हरला. विक्रम वर्षभराने झाला, एप्रिल २०१८मध्ये, चीनच्या तिआंजिनमध्ये. देश मात्र रविवारी रामकुमारच्या जोरावर ४-१ असा पुढे गेला, आणि सप्टेंबरात एडमंटनच्या दारात अडकला. मला ते शनिवार-रविवार एकत्रच आठवतात. सगळ्यांची नजर दुहेरीवर होती, आणि गाडी पुढे सरकली ती एकेरीवर.

ही पाच वर्षं दारात लटकून प्रवास करणाऱ्याची होती. तो रोज ऑफिसला पोचतो, पण बसून कधीच नाही. २०२३नंतरचा भारत रिटर्नवाला झाला. सप्टेंबर २०२३मध्ये लखनौला मोरोक्कोवर ४-१ असा विजय, जी रोहन बोपण्णाची शेवटची डेव्हिस कप लढत ठरली. फेब्रुवारी २०२४मध्ये प्ले-ऑफसाठी इस्लामाबाद. १९६४नंतर भारतीय संघ डेव्हिस कपसाठी पाकिस्तानात पहिल्यांदाच गेला, यजमानांनी आपल्यासारखीच हिरवळ घातली आणि तरी ते ४-० असे हरले. त्याच वर्षी सप्टेंबरला स्वीडनने स्टॉकहोममध्ये भारताला ४-० असं पुन्हा खाली ढकललं. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीत टोगो, पुन्हा प्ले-ऑफ, पुन्हा ४-०. टोगोचं नाव ऐकून हसणारे पुष्कळ होते. पण टोगोही खालूनच, जिंकत जिंकत, त्या डब्यात चढला होता.

उपमा इथवरच चालते. रिटर्नवाल्याने एकदा खिडकी धरली की चर्चगेटपर्यंत कुणी उठवत नाही. डेव्हिस कपात दर काही महिन्यांनी कुणीतरी येऊन म्हणतं, उठा, पुन्हा खेळून दाखवा. शिवाय विरारला गाडी रिकामी होते हे ठरलेलं असतं. खालच्या गटात समोरचा देश कोण, कोर्ट कसलं, त्यांचा रून त्या आठवड्यात मोकळा आहे की नाही, यातलं काहीच ठरलेलं नसतं. आणि खाली गेलेले सगळेच परत येतात असंही नाही. काही देश खालीच रमतात, तीच त्यांची खरी जागा असते.

सप्टेंबर २०२५, स्वित्झर्लंडमधलं बील. दक्षिणेश्वर सुरेश, पहिलीच डेव्हिस कप लढत, क्रमवारीत सहाशेच्याही मागे. त्याने त्याच्याहून कितीतरी वरच्या जेरोम किमला हरवलं. सुमित नागलने दोन्ही एकेरी घेतल्या. भारत ३-१. युरोपातल्या संघाला युरोपात हरवण्याची गोष्ट त्याआधी घडली होती १९९३मध्ये, फ्रेजूसला फ्रान्सविरुद्ध. बीलच्या विजयाने २०२६च्या पात्रता फेरीत जागा मिळाली. दारात नव्हे, आत.

आमच्या डब्यात एक काका आहेत, गेली कित्येक वर्षं रिटर्न करणारे. सोमवारी मी त्यांना बीलचा निकाल सांगितला. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, खिडकीकडे सरकून मला पाऊण सीट दिली आणि विचारलं, “पुढची गाडी कधीची?”

“फेब्रुवारीची,” मी म्हटलं. गाडी नायगावात शिरत होती, आणि दरवाजाशी उभे असलेले आता आणखी आत दाबले जाणार होते.