हात कोणाचा, सूर कोणाचा?



नाताळच्या तयारीत आमच्या गायकवृंदात एक प्रश्न उभा राहिला. त्या वेळी तो आम्ही कसाबसा सोडवला, परंतु मनातून तो गेला नाही. आज तो तुमच्यापुढे मांडत आहोत, कारण तो केवळ गायकवृंदाचा नाही.

आमच्या गायकवृंदातला एक तरुण डोंबिवलीत राहतो. नोकरी मुंबईत. लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे आठवड्याच्या सरावाला तो क्वचितच येऊ शकतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या कितीतरी तरुणांची हीच कथा आहे. त्याने घरच्या घरी उपाय शोधला. चार सप्तकांचा एक मिडी कीबोर्ड विकत घेतला, तो संगणकाला जोडला आणि ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरवर गीतांची साथ तयार करू लागला. मध्यरात्रीच्या मिस्साच्या सगळ्या गीतांची साथ पेनड्राइव्हमध्ये भरून तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, यंदा हेच लावूया. ना सूर चुकणार, ना ताल."

आम्ही ऐकले. साथ खरोखरच सुंदर होती. आमच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे ऑर्गन वाजवतात त्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना 'टीचर' म्हणतात. संधिवाताने त्यांची बोटे आखडली आहेत. कधी एखादा सूर निसटतो, कधी ठेका मागे पडतो. पेनड्राइव्ह लावायचा म्हणजे टीचरना घरी बसवायचे, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. बोलत कोणीच नव्हते. खरे सांगायचे तर मोह आम्हालाही झाला. नाताळला पाहुणे येतात, इतर धर्मांचे शेजारी येतात. त्यांच्यासमोर आपले संगीत चोख व्हावे असे कोणाला वाटणार नाही?

निर्णय घेण्याआधी हे यंत्र काय करते ते पाहावे, म्हणून एका रविवारी दुपारी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. पहिले आश्चर्य हे, की ह्या कीबोर्डला स्वतःचा आवाजच नाही. संगणकाला न जोडता पट्ट्या दाबल्या तर नुसती प्लास्टिकची टकटक. पट्टी दाबली की तो संगणकाला केवळ निरोप धाडतो: कोणती पट्टी, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली. प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो. मधल्या 'सी' स्वराचा क्रमांक ६०. जोराचे माप १ ते १२७. त्या निरोपाला आवाज देणे हे सॉफ्टवेअरचे काम. तेच वाजवणे ऑर्गनच्या आवाजात ऐकता येते, बासरीच्याही. मायक्रोफोन लागत नसल्याने कुकरची शिट्टी, लिफ्टचे दार, गाडीचा भोंगा ह्यांपैकी काहीच मुद्रणात उतरत नाही. कानांना हेडफोन लावले की रात्री अकरालाही शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या वादकाला हे केवढे वरदान आहे!

वाद्यांची ही भाषा १९८३ साली जगापुढे आली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी ह्यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची वाद्ये त्यामुळे एका तारेने बोलू लागली, आणि ही भाषा वापरण्यासाठी कोणाकडून शुल्क घेतले गेले नाही. ह्या कामासाठी २०१३ साली दोघांना तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला. स्पर्धकही सामायिक हितासाठी एकत्र येऊ शकतात, हा धडा आपल्या संघटनांनीही घ्यावा.

मग त्या तरुणाने आम्हाला दुरुस्ती दाखवली. वाजवलेला प्रत्येक सूर पडद्यावर लहानशा पट्टीसारखा दिसतो. चुकीचा सूर माऊसने उचलून योग्य जागी ठेवता येतो. 'क्वांटाइझ' नावाची आज्ञा दिली की मागेपुढे पडलेले सगळे सूर नेमके तालावर येऊन बसतात. काही दिवसांपूर्वी टीचरनी त्याच कीबोर्डवर एक गीत वाजवून दिले होते. त्याने ते असे दुरुस्त करून त्यांना ऐकवले. त्याचा हेतू चांगलाच होता. टीचरनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "सुंदर झालंय रे बाळा. पण हे मी वाजवलेलं नाही."

हे वाक्य ऐकून आम्ही विचारात पडलो. दुरुस्त करणे म्हणजे खोटे बोलणे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्विनास ह्यांचा साधनाविषयीचा विचार आम्हाला शिकवला गेला. त्यांनी कुऱ्हाडीचा दाखला दिला आहे. लाकूड तोडले जाते ते कुऱ्हाडीच्या धारेमुळे, परंतु त्या लाकडाचा पलंग होतो तो कारागिराच्या कलेमुळे. साधनाला स्वतःचा गुण असतो, पण कृती त्याची नसते. ती साधन वापरणाऱ्याची असते. ह्या दृष्टीने मिडी कीबोर्ड हे फार प्रामाणिक साधन म्हणावे लागेल. त्याला आवाज नाही, हेतू नाही. तो केवळ हाताचा निरोप पोहोचवतो. तेव्हा यंत्र चांगले की वाईट हे विचारण्यात अर्थ नाही.

नवे म्हणून ते नाकारणेही योग्य नाही. पेटीचेच पाहा. मींड काढता येत नाही, स्वर ठरीव आहेत, अशा कारणांनी आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आज मराठी मिस्सात पेटी नसेल तर आपल्यालाच चुकल्यासारखे वाटते.

प्रश्न उरतो तो कृतीचा. आपण पत्र लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. आम्हीही रविवारचे प्रवचन चार वेळा खोडून लिहितो. त्यात लबाडी नाही. ती पूर्वतयारी आहे. घरी बसून केलेले ध्वनिमुद्रणही तसेच आहे. त्यातला सूर सुधारला तर कोणाची फसवणूक होत नाही. मात्र दुसऱ्याचे वाजवणे त्याला न विचारता सुधारावे आणि तरी ते त्याच्याच नावावर ठेवावे, हे बरोबर नाही. टीचरना खटकले ते एवढेच.

परंतु काही कृती अशा असतात की त्या आधी करून ठेवताच येत नाहीत. विवाहाच्या वेळी वर किंवा वधू उभी राहिली आणि 'मी तुझा स्वीकार करते' हे शब्द फोनमधून ऐकवले, तर तो विवाह होईल का? उच्चार कितीही शुद्ध असो, होणार नाही. ते वचन तिथे, त्या क्षणी, त्या माणसाने द्यायचे असते. उपासनेतले गायन ह्याच जातीचे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली पवित्र उपासनेवरील संविधानात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला, तो ह्याचसाठी. त्याआधी, सप्टेंबर १९५८ मध्ये रोमहून निघालेल्या सूचनापत्राने ग्रामोफोन, रेडिओ, टेपरेकॉर्डर, आपोआप वाजणारा ऑर्गन ह्यांना उपासनेत स्पष्ट मनाई केली होती. पुढे १९७३ साली मुलांच्या मिस्सासाठीच्या निर्देशिकेत, बिशप परिषदेच्या नियमांना धरून, ध्वनिमुद्रित संगीताला मर्यादित वाव दिला गेला. म्हणजे ख्रिस्तसभा यंत्राला घाबरत नाही. माणसाची जागा रिकामी होऊ नये, ही तिची काळजी आहे.

कोणी म्हणेल, २०२० साली महामारीत चर्चची दारे बंद होती तेव्हा आपण पडद्यावरच मिस्सा पाहिला ना? ज्याने त्याने आपापल्या घरी गाऊन मुद्रित केलेली गीते ऐकली ना? होय, आणि त्या गीतांनी अनेकांना धीर दिला. पण दारे उघडली तेव्हा आपण परत आलो. घरचा पडदा पुरेसा असता तर आलो नसतो.

ह्यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची रांग किती लांब होईल हे आधी कोणाला ठाऊक असते? एखादी आजी काठी टेकत येते, एखादे मूल रडते. टीचर मान वळवून रांग पाहतात आणि एक कडवे पुन्हा घेतात. लोकांचा श्वास पुरत नाही असे दिसले की ओळीच्या शेवटी क्षणभर थांबतात. पेनड्राइव्हमधली साथ अचूक असते, पण ती कोणासाठी थांबत नाही. ताल चुकणे आणि दुसऱ्यासाठी थांबणे ह्यांतला फरक यंत्राला कळत नाही. पडद्यावर दोन्ही सूर सारखेच मागे पडलेले दिसतात.

विधवेने दानपेटीत दोन छोटी नाणी टाकली तेव्हा प्रभू येशूने त्यात भर घालून रक्कम वाढवली नाही. ती होती तशी पाहिली आणि शिष्यांना बोलावून दाखवली. टीचरच्या निसटलेल्या सुरापुढे आमचा पाहुण्यांसमोरचा मान आम्हाला फार हलका वाटला.

शेवटी आम्ही पेनड्राइव्ह सरावासाठी ठेवला. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा प्रत्येक गटाची ओळ त्या तरुणाने वेगळी करून दिली, आणि लोकलमधून येता-जाता मुलेमुली ती ऐकून पाठ करू लागली. मिस्सामध्ये मात्र वाजवायचे ते हातानेच, असे ठरले. त्याला वाईट वाटले. किती रात्री जागून त्याने ते काम केले होते! पुढच्या दोन सरावांना तो आलाच नाही. त्याची मेहनत आम्ही पुरेशी ओळखली नव्हती, ही चूक आमची. ती आम्ही त्याच्यापाशी कबूल केली.

तिसऱ्या सरावाला तो आला तो कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊनच. ऑर्गनच्या जड पट्ट्यांपेक्षा ह्या पट्ट्या हलक्या होत्या. त्याने टीचरना त्यापुढे बसवले आणि विचारले, "टीचर, बोटं दुखतात का?" त्यांनी वाजवले, आणि त्याने सॉफ्टवेअरमध्ये बदल केला, जेणेकरून बोट हळू पडले तरी आवाज भरदार यावा. पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येत होता. तोही त्याने कमी केला. गीत लोकांच्या गळ्याला उंच जात होते, ते एक स्वर खाली आणले. टीचरचा एकही सूर त्याने दुरुस्त केला नाही. यंत्रच त्यांच्या हाताला जुळवून घेतले. नाताळच्या मध्यरात्री दोन जागी सूर निसटला. चर्च भरून लोक गात होते.

प्रिय भाविकांनो, आपल्या घरांतही हा प्रश्न रोज येतो. कोणाच्या घरी मृत्यू झाला की आपण दुसऱ्याने लिहिलेला तयार संदेश पुढे पाठवतो. शब्द सुंदर असतात, पण ते आपले नसतात. आजोबांना बटणे सापडत नाहीत म्हणून फोन त्यांच्या हातातून काढून घेतो. मुलाचे अक्षर वाईट म्हणून त्याचा प्रकल्प आपणच पूर्ण करतो. काम चोख होते, माणूस मात्र बाजूला पडतो. ह्या आठवड्यात अशी एक तरी जागा शोधा आणि ते काम ज्याचे आहे त्याच्या हाती परत द्या. हात कापत असेल तर जवळ बसा.

गायकवृंदाचा सराव शनिवारी असतो. ज्यांना सूर लागत नाही असे वाटते, त्यांनीही अवश्य यावे.