देह नाशिवंत, म्हणून टाकाऊ का?

'मिथ्या' हा शब्द कीर्तनातून अलीकडे फार स्वस्तात वाटला जातो. जग मिथ्या, देह नाशिवंत, प्रपंच मायेचा बाजार, एवढे म्हटले की माना डोलतात. पण तो शब्द घरी नेऊन माणसे त्याचे काय करतात?

एका गावी कीर्तन आटोपल्यावर दोघे भाऊ आमच्यापुढे आले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. थोरला म्हणे, शस्त्रक्रिया करू. धाकटा म्हणे, "महाराज, देह नाशिवंतच ना? सत्तरीत डोळे उघडून म्हातारीने आणखी माया ती कोणती पाहायची?" याच गृहस्थाने त्याच साली विहिरीवर नवा पंप बसवला होता. पंप मात्र नाशिवंत नव्हता!

आम्ही म्हटले, बाबा रे, आचार्यांचे नाव घेतोस तर पुरते घे. शंकराचार्यांच्या वेदांतात मिथ्या म्हणजे सशाच्या शिंगासारखे मुळातच नसलेले नव्हे. दोरीवर दिसलेला साप ही प्रातिभासिक सत्ता. दिवा आणला की गेली. जगाची सत्ता व्यावहारिक. ब्रह्मज्ञान होईतो तहानेला पाणी आणि दुखण्याला औषध हाच व्यवहार खरा. आणि ब्रह्मज्ञान्याने तरी काय केले? परंपरा सांगते की संन्यास घेतलेल्या आचार्यांनी, संन्याशास अधिकार नाही हे ठाऊक असता, कालडीस येऊन आपल्या आईचा अंत्यविधी स्वतः केला. धाकटा खाली पाहू लागला.

खरी गोष्ट अशी की जग खरे मानणे निराळे आणि मोलाचे मानणे निराळे. जैन दर्शन पहा. तेथे पुद्गल, म्हणजे जड द्रव्य, अगदी खरे. इतके खरे की कर्मसुद्धा सूक्ष्म पुद्गलच, जिवाला चिकटलेले. पण ते झाडून टाकायचे. तिकडे इराणात तिसऱ्या शतकात मानी नावाचा धर्मसंस्थापक झाला. त्याच्या मते जड ही अंधाराची बाजू, तिच्यात प्रकाशाचे कण कोंडलेले. म्हणून त्याच्या पंथातले श्रेष्ठ साधक शेती करीत नसत, फळही तोडीत नसत. त्यांचे अन्न गृहस्थ अनुयायी आणून देत. तोडण्याचे पाप गृहस्थाच्या माथी! (जेवायचे मात्र साधकाने.) ख्रिस्ती संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे याच पंथात होता. पुढे तो बाहेर पडला आणि देवाने निर्मिलेले ते सारे मुळात चांगलेच, असे त्याने ठासून मांडले. बायबलाच्या पहिल्याच अध्यायात देव आपली सृष्टी पाहून ती चांगली असल्याचे म्हणतो, हा त्याचा आधार.

आता आपल्या माउलींकडे या. 'अमृतानुभवा'तले सर्वांत मोठे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. अज्ञान नावाची वस्तूच सिद्ध होत नाही, मग जग त्याचे कार्य कसे? जग हा चैतन्याचा विलास. पाहणारा आपणच दृश्य होऊन आपल्याला पाहतो. यात आचार्यांशी विरोध किती, यावर विद्वान भांडतात, त्यांना भांडू द्या. आम्हा वारकऱ्यांना इतके दिसते की येथे जगाचा दर्जा अंधाराचाही नाही आणि टाकाऊ सालपटाचाही नाही. म्हणून तर अरणच्या सावता माळ्यांना मळा सोडावा लागला नाही. मानीच्या पंथात खुरपे धरणारा खालच्या पायरीचा. आमच्याकडे पंढरीहून पांडुरंगाची पालखी अरणला सावतोबांच्या भेटीस जाते.

यावरून कोणी चैनीचा परवाना काढील तर तोही चुकला. एकादशी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. विलास चैतन्याचा आहे, आपल्या जिभेचा नव्हे. पण जो 'दर्शन' म्हणून दीडशे कोस चालतो, ज्याचा देव विटेवर उभा राहून डोळ्यांनीच पाहून घ्यायचा, त्याने आईच्या डोळ्यांना माया म्हणावे काय?

वाटेवर मुक्कामी दिंडीतली पोरे म्हाताऱ्यांचे सुजलेले पाय चेपतात, तेल लावतात. रिंगण झाले की अश्वाच्या टापेखालची माती घ्यायला झुंबड उडते. कोणी ती कपाळी लावतात, कोणी पदराच्या टोकाला बांधून शेतात टाकण्यासाठी घरी नेतात.