सेवेचे मोल की ऋणाची फेड?

सेवेचे मोल घेतले की सेवा उरत नाही, असे आपण वारकरी मानतो. कीर्तनाचे द्रव्य घेऊ नये, ही तर संतांचीच शिकवण. मग वाडवडिलांची भूमी राखण्याबद्दल कोणी पैसे घेतले, तर तो दोष म्हणावा काय?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस पश्चिम अर्नहेम लँड नावाचा खडकाळ मुलूख आहे. पाऊस सरला, गवत अजून ओलसर आहे, अशा वेळी तेथील आदिवासी जागोजागी थोडी थोडी आग लावीत. ही आग मंद चालते, शेंड्याला पोचत नाही, रात्रीच्या दंवाने विझते. जळलेले पट्टे पुढे कडक उन्हातल्या वणव्याला आडवे येतात. विसाव्या शतकात ही माणसे मिशनांकडे व गावांकडे गेली. मुलूख ओस पडला आणि अफाट वणवे पेटू लागले. 2006 साली करार झाला. डार्विनच्या द्रवरूप वायूच्या कारखान्याने 17 वर्षे, दरसाल सुमारे 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यावे. आदिवासींनी सुमारे 28,000 चौरस किलोमीटरांत आपल्या रीतीने आग राखावी, आणि वणव्यांतून हवेत जाणारे वायू वर्षाला 1 लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोलाने घटवावे.

कोणी म्हणेल, "अहो, ही तर पापाची पावती विकत घेणे झाले!" शंका रास्त आहे. कारखान्याचे पाप या पैशाने धुऊन निघत नाही. त्याचा हिशेब त्याच्यापाशीच राहतो. पण म्हणून राखणदार दोषी कसा? देवापुढच्या नंदादीपाला तेल लागतेच. तेलाचे पैसे कोणी दिले, म्हणून उजेड विकला गेला असे होत नाही. रानात फिरणाऱ्या माणसालाही पोट आहे, गाडीला तेल लागते, लेकरांना शाळा लागते.

मुख्य गोष्ट अशी, की याला दान म्हणूच नये. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. पण बुडविले ते लोकांकडून येणे होते; स्वतःचे देणे नव्हे! आपण मात्र उलट करतो. येणे पै-पै मोजतो आणि देणे विसरतो. ज्यांच्या राखणीने हवा, झाडे, पाणी टिकते, त्यांचे आपण देणेकरी आहो. ऋण फेडणाऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये, आणि रान कसे राखावे हे राखणदाराला शिकवू नये.

करार संपतो, ऋण संपत नाही. देणाराने एवढे ध्यानी धरले, तर घेणाराची सेवा सेवाच राहते.